नंदीबैलाचं गणित

लोणावळे,
ता. २२ नोव्हेंबर १९३६

चिरंजीव हौशीराम यास,

सोपानदादाचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुमचा तमाशाचा फड या आठवड्यात कुठल्या गावची धूळ खातो आहे ते देव जाणे, म्हणून हे पत्र नारायणगावी फडमालकांच्या नावे टाकतो. ज्या भल्या माणसाच्या हाती पडेल त्याने आमच्या सोंगाड्याला हुडकून ते द्यावे आणि तो वाचायचा कंटाळा करेल तर त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा.

दिवाळी झाली. तुझ्या वाटणीची कडबोळी तुझ्या वहिनीने डब्यात जपून ठेवली होती. ती मऊ पडायला लागली तेव्हा मी खाऊन टाकली, तर सरूने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. आमच्या घरात अबोला हल्ली स्वस्त झाला आहे. ते असो.

गेणू आमच्याकडेच असतो. इंदुरीचा आपला शेजारी अंबाजी, त्याचा मुलगा. इथल्या शाळेत शिकायला म्हणून माझ्याकडे ठेवलाय. पोरगा चांगला आहे, पण जेवायला बसला की सरू आधी माझं ताट वाढून बाजूला ठेवते.

आता मुद्द्याचं. शाळेत मी गणिताचा खेळ करतो हे तू उडत उडत ऐकलं असशील आणि हसला असशील. मास्तर झालेला भाऊ शेवटी आपल्याच वाटेला आला म्हणून. हस बाबा. पण ते सुरू कसं झालं ते ऐक. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे पाढ्यांचा तास. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. सगळा वर्ग डोलत डोलत म्हणतो आणि निम्मा वर्ग झोपेत म्हणतो. एकदा मी मध्येच थांबवून एका पोराला विचारलं, "पाव म्हणजे किती रे?" तो म्हणाला, "गुर्जी, पावकी येती. पाव न्हाई येत." माझं डोकंच फिरलं. पुढच्या शुक्रवारी मी पाटीवरचे आकडे बाजूला ठेवले आणि वर्गात गुडदाणीचं दुकान मांडलं. पाव शेर, अर्धा शेर, दीड शेर. ज्याचा हिशेब बरोबर त्याला तुकडा. त्या दिवशी कोणी झोपलं नाही.

मग एकातून एक निघत गेलं. आमच्याकडे एक शून्य आहे. गोल टोपलीत मान घातलेला लठ्ठ पोरगा. तो सगळ्यांच्या डावीकडे उभा राहून "मला घ्या, मला घ्या" करत रडतो आणि त्याला कोणी कवडीची किंमत देत नाही. तोच उजवीकडे येऊन उभा राहिला की पाचाचे पन्नास होतात आणि मग आकड्यांची भांडणं लागतात, शून्य माझ्या शेजारी, शून्य माझ्या शेजारी. पोरं हसून हसून लोळतात.

आणि सगळ्यात शेवटी नंदीबैल. बांबूचा सांगाडा, वर तुझ्या वहिनीची जुनी गोधडी, कागदाच्या लगद्याचं तोंड, आत दोघं जण. नंदीबैलवाला गुबगुबी वाजवून म्हणतो, मनात एक आकडा धरा, तेवढाच आणखी मिळवा, वर दहा माझ्याकडून घ्या, झालं त्यातलं निम्मं भावाला द्या, आणि पहिल्यांदा धरलेला आकडा काढून ठेवा. उरलं किती ते आमचा नंदी सांगेल. नंदी पाय आपटतो, पाच. कुणी काहीही धरो, पाचच. पोरं आधी भितात, मग चिडतात, मग घरी जाऊन आयांना आकडे धरायला लावतात. पाचच का, हे मी सांगत नाही. जो हुडकेल त्याला नंदीच्या आत शिरायला मिळतं, तेच बक्षीस.

पहिल्यांदा हुडकलं ते हिरीनं. डोंगरावरच्या वाडीतल्या बुधाची मुलगी. म्हणाली, "गुर्जी, माजं मला परत दिलं. दहा तुमी दिलं, त्यातलं निम्मं भावानं न्येलं. ऱ्हायलं पाच. त्यात नंदीचं काय मोठं?" तिला आत शिरायला मिळालं तर बाहेर यायला तयार होईना.

आता काम सांगतो. आमच्या हेडमास्तरांनी वर लिहून कळवलंय की सोपान मास्तर शाळेत तमाशा करतात. म्हणून डिसेंबरच्या मध्याला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब इंदुरीच्या मुक्कामी हा खेळ स्वतः बघणार आहेत. त्यांना पटला तर मावळातल्या सगळ्या शाळांत नेता येईल. नाही पटला तर बंद, आणि बंद म्हणजे पुन्हा नाव काढायचं नाही. हौशा, हा खेळ बंद झाला तर मी पुन्हा त्या झोपलेल्या वर्गासमोर उभा राहू शकणार नाही. मला नंदीबैलवाला पाहिजे, आणि तो तूच पाहिजेस.

तू म्हणशील, दादा, तू असताना मी कशाला? पोरं माझ्या आवाजाला विटली आहेत. नवा आवाज पाहिजे, एवढंच.

इंदुरी म्हटल्यावर तू पाय मागे घेशील. तू फडात गेलास म्हणून आबांनी पोटच्या पोराच्या नावानं आंघोळ केलीय, ते मला सांगायला नको. पण खेळ शाळेच्या पटांगणात आहे, आबांच्या ओसरीवर नाही. आबा आलेच तर येतील, बसतील, खोकतील आणि जातील.

मी मागच्या आठवड्यात पुण्याला जाऊन आलो. थोडं काम होतं.

उलट टपाली होकार कळव. तुला दुसऱ्यांदा विचारायची मला सवय नाही.

तुझा
सोपानदादा


लोणावळे,
ता. ७ डिसेंबर १९३६

चि. हौशीरामास आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. कुणाकडून लिहून घेतलंस? अक्षर बरं आहे आणि मजकूर वाईट आहे.

लिहितोस, "दादा, तू गढीजवळ उभा राहून हाळी दिलीस तर इंद्रायणीवर धुणं धुणाऱ्या बाया वर बघायच्या. तुला माझा आवाज कशाला?" बघायच्या, खरं आहे. पुढे लिहितोस, आबा स्वतः बोलावतील तेव्हाच इंदुरीत पाय ठेवीन. म्हणजे तू पाय ठेवायचा नाहीस आणि त्यांनी तोंड उघडायचं नाही. दोघे एकाच खाणीतले दगड. मध्ये मी कुठं तरी चिरडतोय, त्याची कुणाला पडलीय?

फार राग आला होता. कार्ड चुलीत घालणार होतो, सरूनं हातातून काढून घेतलं. म्हणाली, "त्यांना खरं कळवा म्हंजे येतील." मी मान हलवली. खरं कळवण्यासारखं काही नाही. आणि दयेनं आलेला माणूस रंगात येत नाही, हे तू फडात राहून माझ्याहून जास्त जाणतोस.

तालीम चालू आहे. तुझ्या जागी गेणूला उभा केलाय. त्याचा आवाज फुटतोय, कधी रेड्यासारखा तर कधी कोकरासारखा. दुसऱ्या रांगेपलीकडे काही जात नाही. मी शिट्टी वाजवून आणि फळ्यावर लिहून शिकवतो, पोरांना बरोबर कळतं. परवा हेडमास्तर म्हणाले, "सोपानराव हल्ली निवळलेत." निवळू दे.

तुला हसायला एक गोष्ट सांगतो. मी कार्तिकात मौन धरलंय. शेजारणी विचारायला लागल्या तेव्हा तुझ्या वहिनीनं तसं सांगून टाकलं, आणि आता आळीतल्या दोन म्हाताऱ्या सकाळी येऊन माझ्या पाया पडतात. एकीनं नारळ ठेवला. मी, इंदुरीच्या रखमाजीचा सोपाना, शिव्या द्यायला लागला की बैल बुजायचे तो, आता साधू झालोय. हसलास ना?

इंदुरीला एक नवीन करणार आहे. तिथे पोरांना नुसता मनात आकडा धरायला सांगण्यात काय मजा? मळणी झालीय. आबांच्या खळ्यावरचं भात शाळेत आणायचं आणि मनातल्या आकड्याऐवजी खऱ्या दोन शेरी अधोल्या मापायच्या, धोतराच्या पडद्याआड. साहेबांनी आकडा धरायचा, हिरीनं माप घालायचं, गेणूनं मोजायचं. नंदी पडद्याबाहेर. गेणूला पाठवून आबांना भात मागितलं तर म्हणाले, "न्ये. पर सांडू नगं." एवढंच बोलले. तुझं नाव निघालं नाही, आणि मी काढायला लावलंही नाही.

पुण्याला ज्या गृहस्थांकडे गेलो होतो त्यांनी पुन्हा बोलावलंय. माणूस सज्जन आहे, पण बोलतो फार कमी, आणि जे बोलतो ते ऐकवत नाही. खेळ झाल्यावर जाईन.

खेळ सोळा तारखेला आहे. येणार असलास तर तळेगावला उतर. नाही आलास तरी खेळ होईल. कसा होईल ते माहीत नाही.

सोपान


इंदुरी,
ता. २० डिसेंबर १९३६

प्रिय हौशा,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. कुठं तरी बस, तोंडावरचा रंग पुसून ये आणि मग वाच.

खेळ झाला. आधी तेच सांगतो, बाकीचं मागाहून. सांगायला सुरुवात केली की मला ते बाकीचं सांगवत नाही, आणि सांगितल्याशिवाय तर भागणार नाही.

आमच्या पोरांना घेऊन मी आदल्या दिवशीच आलो आणि त्यांच्याबरोबर शाळेतच उतरलो. हिरी पहिल्यांदाच आगगाडीत बसली. तळेगावपर्यंत खिडकीला चिकटून होती आणि उतरल्यावर म्हणाली, "डोंगर मागं पळालं, त्यास्नी कुणी बोलवलं?" पटांगणात सतरंजी घातली, साहेबांना खुर्ची, हेडमास्तरांना खुर्ची, गाव सगळं जमिनीवर. आबा कडुनिंबाखाली बसले होते, आपल्या भाताच्या राशीवर नजर ठेवून.

गुडदाणीचं दुकान झालं. शून्य रडलं, गाव हसलं. साहेब काही हसले नाहीत, पण त्यांनी पाय हलवायला सुरुवात केली तेव्हा मला धीर आला. हे सगळं मी नंदीच्या आतून बघत होतो. हो, आत मी होतो. पुढचे पाय मी, मागचे पाय आमच्या वर्गातला बारकू. का, ते सांगतो.

गेणूनं गुबगुबी वाजवली. साहेब पडद्याआड गेले आणि हिरीच्या कानात आकडा सांगितला. सात धरले होते, ते मागाहून कळलं. हिरीनं माप घालायला सुरुवात केली. सात अधोल्या, मग आणखी सात, मग वर दहा. मग रास निम्मी करायची म्हणून एक अधोली या बाजूला, एक भावाच्या बाजूला. शेवटी एकच अधोली उरली, तीही पोरांनी शेराच्या मापानं अर्धी अर्धी वाटली. तिथंच गेणूनं सावध व्हायला पाहिजे होतं. पण साहेब शेजारी उभे, पोराला घाम फुटलेला. सात अधोल्या परत काढून ठेवल्या. गेणू बाहेर आला आणि फुटक्या आवाजात ओरडला, "बोल नंदी, उरलं किती?"

मी पाय आपटला, पाच. पोरांनी पडदा खाली सोडला. समोर चार अधोल्या आणि वर एक शेर. साडेचार.

 मग मागून कुणी तरी म्हणालं, "बैल चुकला." आणि सगळं गाव हसत सुटलं. हेडमास्तरांनी साहेबांकडे बघून नुसती मान हलवली. तेवढीच हलवली, पण मला ती आत दिसली.

मला चूक कळली, हौशा. पडदा पडला तेव्हा मागे दगडाला हळद लावून त्याच्यापुढे एक अधोली भरून ठेवलेली दिसली, आणि सगळं लख्ख कळलं. आपल्याकडे रास मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. लाभ राशीतच राहतो. हिरीच्या वाडीत लाभाचं माप देवाचं. ते बाजूला काढून ठेवायचं, राशीत मिसळायचं नाही. हिरीनं पहिलं माप देवापुढे ठेवलं आणि गेणूनं त्यालाच एक धरून पुढे मोजलं. दोघांनी आपापल्या घरच्यासारखं बरोबर केलं, आणि गणित बिघडलं.

हे मी एका वाक्यात सांगितलं असतं. पूर्वीचा मी असतो तर नंदीचं तोंड भिरकावून बाहेर आलो असतो, गाव दणाणून सोडलं असतं, सगळ्यांना समजावलं असतं आणि साहेबांनी हूं म्हटलं असतं. पण मी आत उभा राहिलो. बारकू मागून विचारत होता, "गुर्जी, आता काय?" मी त्याचा हात दाबला. दुसरं काय करणार होतो?

मग बाहेर हिरी आणि गेणू भांडायला लागले.

"तू लाभ भाईर ठिवलास व्हय गं?"

"मग? द्येवाचा लाभ राशीत ठिवत्यात व्हय कुटं?"

"आमच्यात राशीतच ऱ्हातो."

"मग तुमचा द्येव उपाशी."

गाव पुन्हा हसलं, पण या वेळी निराळं. आणि साहेब खुर्चीतून उठून राशीजवळ आले. म्हणाले, "थांबा. देवाला गेली अख्खी अधोली. मग कमी पडली ती अर्धीच कशी? बाकीची अर्धी कुठं गेली?"

 हेडमास्तरांनी धोतराचा सोगा सारखा करायला घेतला. पोरं राशीभोवती दाटीवाटीनं बसली. कोण म्हणे माप फुटकं आहे, कोण म्हणे साहेबांनीच आकडा चुकवला.  हिरी उकिडवी बसून भातात बोटानं दोन खळगे करत होती, हा आपला, हा भावाचा. मग मान वर न करताच म्हणाली, "द्येवाला दोगांनीबी दिलं. निम्मं ह्यानं दिलं, निम्मं भावानं. मग ह्याचं निम्मंच कमी हुनार."

साहेब तिच्याशेजारी खाली बसले. भातात, कोऱ्या विजारीसकट. म्हणाले, "पुन्हा करा. लाभ आत ठेवून." केलं, पाच आले. मग कुणी विचारलं, देवाला दोन अधोल्या दिल्या तर? चार. तीन दिल्या तर? साडेतीन. इंदुरीची पोरं एकीकडे, आमची एकीकडे, दोन्हीकडून आकडे फेकाफेकी. आबांचं भात सगळीकडे सांडलं आणि आबा काही बोलले नाहीत. सूर्य कलला तरी कोणी उठेना.

आत मी काय करत होतो ते बारकूला विचार, त्याला माझी पाठ दिसत होती. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. आणि त्याच वेळी फार वाईट वाटत होतं. इतकी वर्षं मी ओरडून ओरडून जे शिकवत होतो ते मी गप्प बसल्यावर पोरं आपणहून शिकली. मग मी होतो कशाला? हे खोटं आहे हे मला कळतं. पण वाटलं ते लिहितो.

शेवटी साहेबांनी विचारलं, "मास्तर कुठं आहेत?" पोरांनी नंदीकडे बोट दाखवलं. मी तोंड काढून बाहेर आलो. साहेब हसत म्हणाले, "सोपानराव, ही चूक तुम्ही मुद्दाम पढवली होती की खरीच झाली?"

मी तोंड उघडलं. हवा आली फक्त. शब्द नाही.

सगळे बघत होते. आबा कडुनिंबाखालून म्हणाले, "आरं बोल की सोपाना. सायेब इचारत्यात." त्यांना वाटलं मी लाजलो. मी पुन्हा तोंड उघडलं. गेणू रडकुंडीला येऊन म्हणाला, "आबा, गुर्जींचा आवाज गेलाय. दिवाळीच्या आदीच गेलाय."

तर हे ते बाकीचं, हौशा. पोरं माझ्या आवाजाला विटली नव्हती. मौन मी देवासाठी धरलेलं नव्हतं. नंदीच्या आत शिरलो तोही बोलावं लागू नये म्हणूनच. पुण्याचे ते गृहस्थ डॉक्टर आहेत. घशात गाठ आहे. मुंबईला जाऊन कापून काढावी लागेल, महाशिवरात्रीच्या आधी. काढली तर जीव राहील, आवाज परत यायचा नाही. आता थोडी फुसफूस तरी होते, कानाशी तोंड नेलं तर सरूला कळते. मग तीही राहणार नाही. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर ते खरं झालं असतं. आणि तू माझ्या कीवेनं आलेला मला नको होतास. मला माझा भाऊ पाहिजे होता, तोच जो माझ्या कडबोळ्यांवर डल्ला मारून माझ्याच तोंडावर हसायचा.

साहेब भला माणूस. मला पाटी दिली आणि मी लिहीन तसं वाचत राहिले. खेळ त्यांना पसंत आहे. मावळातल्या सगळ्या शाळांत न्या म्हणाले, तसं लिहून देतो म्हणाले. पण वर्गावर मला ठेवता येणार नाही. बिनआवाजाचा मास्तर कुठल्याही शाळेला चालत नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही. आणि खेळासाठी एक मोठा, जबाबदार बोलणारा माणूस पाहिजे, पोरांच्या जिवावर गावोगाव जाता येणार नाही. तो महाशिवरात्रीपर्यंत मिळाला तर खेळ चालू, नाही तर कागद फायलीत पडून राहील. मी पाटीवर लिहिलं, माझा भाऊ आहे, फडात सोंगाड्या आहे. हेडमास्तर खोकले. साहेबांनी विचारलं, "चांगलं बोलतो का?" मी लिहिलं, माझ्यासारखं.

आता आबांचं. त्या संध्याकाळी ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलून उपयोग काय, मी उत्तर थोडंच देणार, असं वाटलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर सांडलेलं भात गोळा करत होते, मी मदतीला गेलो. खाली बघूनच म्हणाले, "दोन ल्योक मला. एकाचा आवाज द्येवानं न्येला, दुसऱ्याचा म्या घालवला. आता ह्या घरात बोलायचं कुनी?" मी सूप धरून उभा राहिलो.

ते तुला ये म्हणणार नाहीत, हौशा. तेवढा मोठा आबा आपल्या नशिबी नाही. पण काल अंबाजीला विचारत होते, पुण्याकडची गाडी तळेगावला कधी येते, आणि आज पुन्हा तेच विचारलं. माडीवरचं तुझं अंथरूण उन्हात टाकलंय. कुणी टाकलं म्हणून मी खुणेनं विचारलं तर म्हणाले, "ढेकूण झाल्यात." आता तूच काय ते समज.

हे पत्र लिहिताना एक गोष्ट राहून राहून मनात येते आणि ती मी कुणाला, सरूलाही, सांगितलेली नाही. आई होती तेव्हा दाराबाहेरून हाक आली की तिला कधी कळायचं नाही सोपाना आला का हौशा. दोघांचा आवाज एकच. फडात तू बोलतोस तेव्हा, तुला माहीत नाही, तू माझ्या आवाजात बोलतोस. मला माझा आवाज आठवेनासा झालाय. बसतो आणि आठवायचा प्रयत्न करतो, तर कानात नुसती गुबगुबी वाजते. तू खेळात बोल, साहेबांसमोर बोल, नाही तर ओसरीवर बसून आबांशी नुसता कडाकडा भांड. मला ऐकायचंय. मुंबईला जायच्या आधी एकदा ऐकायचंय, मग ते काय कापायचं ते कापोत.

बैलगाडी तळेगावला पाठवतो. वेशीत आलास की हाक मार, पूर्वी मारायचास तशी. माझ्याकडून ओ येणार नाही. म्हणून माघारी वळू नकोस. मी दारातच उभा असेन.

तुझा दादा